शिरीषाचा पाळणा

खोटी गोष्ट रचायला डोकं थंड लागतं. माझं डोकं मुलगी झाल्यापासून एकदाही थंड झालेलं नाही.

तेव्हा हे खरं आहे, एवढं आधीच समजून घ्या.

आणि हे रात्री घडलेलं नाही. स्मशान नाही, अमावस्या नाही, ओसाड रस्ता नाही. हे आमच्या घरात घडलं... भर दुपारी, उन्हात, माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी.

माझा नवरा सुतार आहे. पुढे त्याचं वर्कशॉप आणि मागे आमच्या दोन खोल्या. मी घरी बसून शाळेचे गणवेश शिवते. दिवसभर पुढून रंध्याचा आवाज, मागून मशीनचा. आमच्याकडे शांतता म्हणजे लाईट गेली, एवढाच अर्थ.

मला दिवस गेले तेव्हा नवऱ्याने ठरवलं, बाळाचा पाळणा आपल्या हाताने करायचा. फरशीवर ठेवून झुलवायचा, एकही खिळा न मारता, सगळे लाकडी सांधे. लाकूडही मिळालं. रस्ता रुंद करायला कोपऱ्यावरचं शिरीषाचं झाड पाडत होते. पाडायचं काम त्याच्या मित्राकडे होतं. त्या मित्राची लाकडाची वखार आहे, मी त्यांना भावजी म्हणते. त्यांनी खोडाचा चांगला भाग नवऱ्यासाठी बाजूला काढला.

आता यांच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. जुन्या झाडात कोणीतरी राहतं, असं हे सगळे मानतात. कोणी यक्षीण म्हणतं, कोणी वनदेवता. भूत म्हटलेलं त्यांना चालत नाही. झाड तोडायच्या आदल्या दिवशी खोडाला हात लावून सांगायचं... उद्या आम्ही हे तोडणार आहोत, तू त्या अमुक झाडात राहायला जा, राग धरू नकोस. मग रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी कुऱ्हाड लावायची. भाडेकरूला खोली रिकामी करायला सांगावी, तसं नवरा हे सांगायचा. मी हसायचे.

फळ्या महिनोन् महिने वर्कशॉपमध्ये वाळल्या. ओलं लाकूड वापरेल असा माझा नवरा नाही. पाळणा सुरेख झाला. मुलगी त्याहून सुरेख झाली. लाकडी बाहुलीसारखी दिसते म्हणून त्याने तिचं नाव ठकी पाडलं.

पहिला महिना बरा गेला. म्हणजे बाळंतिणीचा जितका बरा जातो तितका.

मग ती दुपार आली.

मी बाही जोडत होते. ठकी पाळण्यात रडायला लागली. मी पाठमोरीच म्हटलं, "आले गं, एवढी शिवण होऊ दे."

ती गप्प झाली.

हळूहळू नाही... एकदम. नळ बंद करावा तशी.

आणि मग आवाज आला.

खुळ... खुळ... खुळ...

मला वाटलं नवरा आला आणि खुळखुळा वाजवतोय. बरं वाटलं, म्हटलं, चला, एकदाची अक्कल आली. शिवण पूर्ण करून वळले, तर खोलीत कोणी नव्हतं. नवरा वखारीत गेला होता. पाळणा हलत होता आणि ठकी गाढ झोपली होती.

आमच्या घरात खुळखुळा नव्हताच.

मी नवऱ्याला सांगितलं. त्याने काय करावं? पाणसळ आणली, पाळण्याखाली फरशीवर ठेवली आणि नळीतला बुडबुडा बघत म्हणाला, जमिनीला जरा उतार आहे. मी विचारलं, उतार खुळखुळतो का? त्यावर तो म्हणाला, शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर अशाच वाजतात, बाहेरून आला असेल आवाज.

बाहेर झाड कुठे होतं? ते तर पाळणा होऊन घरात आलं होतं.

पुढे रोजच सुरू झालं. दुपारी ती रडायला लागायची. मी उठेपर्यंत... गप्प. कधी खुळखुळ ऐकू यायची, कधी नाही. पण दोन गोष्टी नक्की व्हायच्या. खिडकीवरच्या चिमण्या उडून जायच्या आणि ठकी हसायला लागायची.

मग तिने माझं दूध सोडलं.

मी जवळ घेतलं की तोंड फिरवायची. पाठ ताठ करून ओरडायची. मी रडायचे, तीही रडायची, आणि शेवटी हरून पाळण्यात ठेवली की गप्प. तिच्या तोंडाला वास यायचा... कोवळी फांदी मोडल्यावर येतो तसा हिरवा वास.

घाबरून दवाखान्यात नेली. नर्सने वजन केलं आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं. वजन छान वाढलं होतं. म्हणाली, अंगावरचं दूध भरपूर आहे तुम्हाला, असंच चालू ठेवा.

काय चालू ठेवू? माझं दूध आटायला लागलं होतं!

हेच मला कोणाला समजावता येईना. मूल वाळत असतं तर चार माणसं धावली असती. इथे मूल बाळसं धरत होतं. आईला फोन केला, तर ती म्हणाली की तू पहिल्या खेपेची आहेस, सगळ्यात खोट काढतेस. नवरा म्हणाला, लोकांची पोरं रात्र रात्र जागवतात, आपली शहाण्यासारखी झोपते, तर तुझं काय दुखतंय? मी त्याला म्हटलं, माझी मुलगी माझी राहिली नाही, हे दुखतंय. तो रंधा घेऊन पुढे निघून गेला. भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं.

मग मी हट्टाला पेटले. मशीन ओढत पाळण्याला चिकटून लावली. म्हटलं, ये आता, बघतेच.

दिवसामागून दिवस मी नजर ठेवली. काहीही झालं नाही. ठकी रडून रडून लाल व्हायची आणि मी वेड्यासारखी रिकाम्या खोलीकडे बघत बसायचे. शेवटी एका दुपारी माझी बॉबीन हातातून सुटून पाळण्याखाली गेली. मी वाकले...

ठकी गप्प झाली.

पाळण्याखालची फरशी ओली होती. आणि त्या ओलीच्या कडेला... दोन पावलं होती.

पाण्याची, बायकी पावलं. माझ्या पावलांपेक्षा लांब, बोटं तर फारच लांब. पाळण्याकडे तोंड करून कोणी उभं असावं, तशी. मी बघत असताना ती कडेकडेने वाळत गेली.

मी मान वर केली नाही. माझी हिंमत झाली नाही.

थोड्या वेळाने, फळीला धरून, हळूच उठले. ठकी माझ्या डोक्याच्या वर बघत होती. उंच माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तशी. तोंड उघडं टाकून हसत होती. एवढी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

मग तिची नजर खाली आली. माझ्यावर.

आणि तिचं हसू गेलं.

मला त्या पावलांची भीती वाटली होती, नाही असं नाही. पण ते हसू गेलं ना... ते मी जन्मात विसरणार नाही. मी तिला उचललं, तशीच वर्कशॉपमध्ये गेले आणि चालू करवतीसमोर उभी राहिले. नवऱ्याला करवत बंद करावीच लागली.

भावजी तिथेच होते. मी सगळं सांगितलं. पावलांचं ऐकल्यावर नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलं.

"तू सांगितलं होतंस ना झाडाला?"

"मी? लाकूड तू नेणार होतास. मला वाटलं, तू सांगितलंस."

"अरे, तोडणारा तू होतास!"

आयुष्यभर एक झाड न सांगता तोडलं नाही, ही यांची फुशारकी. आणि माझ्या लेकराच्या पाळण्याच्या वेळीच दोघांना वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल. मला संताप संताप झाला. त्या झाडातलीचं तरी काय चुकलं होतं? कोणी तिला हाललीस तर बरं होईल असंसुद्धा म्हटलं नव्हतं. ती घराबरोबर आली. आणि आल्यावर समोर एक रडणारं मूल दिसलं, ज्याची आई शिवणात गुंतली होती.

"पाळणा जाळून टाका," मी म्हटलं.

भावजींनी मान हलवली. ती आत असताना जाळायचा नाही, म्हणाले. आधी सांगायचं. उशिरा का होईना, रीतसर सांगायचं.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर नवऱ्याने हात धुतले आणि पाळण्याच्या कडेवर तळवा ठेवला. मी ठकीला घट्ट धरून दाराशी उभी होते. ती पाळण्याकडे झेपावत होती, माझे केस ओढत होती.

"आमचं चुकलं," तो म्हणाला. "तुला न विचारता तुझं घर तोडलं. आता तू इथून हल. तू..."

तो थांबला.

जागा दाखवावी लागते. अमुक झाडात जा, असं बोट दाखवून सांगावं लागतं. त्याने उघड्या दारातून बाहेर बघितलं. सगळा रस्ता रुंद झाला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत डांबर आणि खांब. एक झाड उरलं नव्हतं.

भावजी म्हणाले, थांब, उद्या नदीकडचं एखादं झाड बघून येऊ, मग सांगू.

उद्या? ठकीने माझ्या गालावर नखं ओढली होती, रक्त आलं होतं. तिला माझ्या हातांतून सुटायचं होतं. माझ्या पोटच्या पोरीला. माझं डोकं तडकलं.

"कुठेही जा!" मी ओरडले. "तुला जिथे जायचं तिथे जा, पण माझ्या पोरीला माझ्याकडे येऊ दे!"

खोली एकदम गार झाली.

पाळणा हलायचा थांबला. तो हलतोय, हे तोवर कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

भावजी माझ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, असं म्हणायचं नसतं."

पण म्हणून झालं होतं.

रात्रभर ठकी माझ्या कुशीत हुंदके देत होती. पहाटे कधीतरी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा ती दूध पीत होती. माझं. आटलेलं दूध परत आलं होतं, कपडे भिजेपर्यंत आलं होतं. तिने वर माझ्याकडे बघितलं आणि तोंड न काढताच हसली.

मी किती रडले, ते सांगत नाही.

पाळण्याला एका रात्रीत वरपासून खालपर्यंत भेगा गेल्या होत्या. बोट लावलं तर लाकडाचे पापुद्रे निघत होते, इतकं कोरडं. नवऱ्याने आणि भावजींनी तो नेऊन जाळला. काही झालं नाही. साधं लाकूड जळावं तसा जळला.

सगळे खूश. आई म्हणाली, बघ, मी म्हटलं नव्हतं? नवरा आता सगळ्यांना ही गोष्ट रंगवून सांगतो.

पण मला झोप... नाही, झोपेचंच तर सांगायचंय.

दिवेलागणी झाली की माझे डोळे मिटतात. हातात सुई असो, चुलीवर दूध असो, बसल्या जागी मिटतात. सकाळी सूर्य वर आला की आपोआप उघडतात. नवरा एकदा थट्टेने म्हणाला, शिरीषाची पानंही अशीच मिटतात, संध्याकाळ झाली की. म्हणाला आणि त्याचाच चेहरा उतरला. परत तो विषय त्याने काढला नाही.

गेल्या आठवड्यात शेजारीण मला खांद्याला धरून हलवत होती. मी मागच्या अंगणात उभी होते. अनवाणी, भर उन्हात, तोंड वर करून. म्हणाली, कधीची हाका मारतेय, ओ का देत नाहीस? मी तिथे कधी गेले, मला आठवत नाही. पायांना चटका बसला नव्हता. उलट बरं वाटत होतं. खूप बरं वाटत होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पोरगी तुझ्याकडे येते ना? दूध पिते ना? मग आता आणखी काय हवंय तुला?

बरोबर आहे त्याचं. ठकी आता माझ्याशिवाय कोणाकडे जात नाही. मी दिसले की हात पसरते. मी हेच मागितलं होतं, ओरडून मागितलं होतं. तक्रार करू तरी कोणाकडे, आणि कसली?

परवा ती पहिल्यांदा "आई" म्हणाली.

दुपारची वेळ होती. मी मशीनवर होते. तिने चटईवरून माझ्याकडे बघून स्पष्ट हाक मारली. माझा हात थांबला. मी ओ द्यायला तोंड उघडणार...

त्याआधीच माझ्या तोंडून ओ गेली होती.

आवाज माझाच होता. पण ती मी दिली नव्हती.

ठकी खुदकन हसली. कोणाला हसली, हे मी कोणाला विचारू?