काचेच्या कपाटातला भाला

कपाटाला कुलूप जसंच्या तसं होतं आणि आतला भाला गायब होता. खाली सात शिंपले पडले होते.

इथल्या आदिवासींचा मासेमारीचा तो भाला दोनशे वर्षं परदेशात राहून गेल्याच महिन्यात सिडनीच्या दक्षिणेकडच्या या किनाऱ्यावर परतला होता. कपाटाच्या चाव्या तिघांकडे: पार्कमधल्या संग्रहालयाचे प्रमुख प्रिचर्ड, शिंपल्यांचं नक्षीकाम करणारी आयव्ही मावशी आणि रेंजर बार्नी. खाजगी तपासनीस कोरलला बार्नीनेच बोलावलं होतं. ती आणि बार्नी, दोघं मावशीच्याच जमातीतले, तिच्या धाकात वाढलेले.

"शिंपले कुणाचे, हे सांगायला तपासनीस कशाला?" प्रिचर्डनी मावशीपुढे कागद सरकवला. "सही करा. भाला सापडला की शहरातल्या संग्रहालयात सुरक्षित राहील. मी पोलिसांना बोलावणार नाही."

"बोलवा की. चहा टाकते," मावशी म्हणाली. "तुमच्या लोकांनी भाला नेला, तेव्हा सही कुणाची घेतली होती?"

कोरलने एक शिंपला उचलला. "मावशी, तू शिंपले आणतेस कुठून?"

"भरतीने टाकलेले वेचते. कुंपणातल्या टेकडीवरचा एक तू उचललास, तेव्हा पाठीत धपाटा खाल्लास. विसरलीस?"

"बार्नीनेही खाल्लाय. बार्नी, सकाळी काय पाहिलंस?"

"काही नाही. साहेब गाडीत झेंड्याची काठी ठेवत होते. लांब पिशवीत."

"रंगवायला न्यायचीय," प्रिचर्ड म्हणाले.

कोरल खिडकीशी गेली. दूर समुद्रात पाण्याचा फवारा उडाला.

"देवमासा," बार्नी म्हणाला.

"मी त्याच्या अलीकडे, किनाऱ्यावर बघतेय. भाला नेणाऱ्या त्या कप्तानाच्या स्मारकाकडे. आपल्याकडे काठ्या किती?"

"एकच."

"मग तो झेंडा कशावर फडकतोय?"

बार्नीने पाहिलं आणि त्याचे कान तापले.

कोरलने अंगठा दाखवला. तो काळा झाला होता. "राख. भरतीचा शिंपला समुद्राने धुतलेला असतो. हे कुंपणातल्या टेकडीतले, पूर्वजांच्या चुलींपाशी साचलेल्या शिंपल्यांच्या ढिगातले. मावशी जीव देईल, पण तिथे हात घालणार नाही. बार्नीही नाही. सगळे शिंपले सारखेच, असं वाटणारा चावीवाला एकच. भाला त्यांच्या गाडीत आहे."

प्रिचर्ड खुर्चीत बसले. "इथे तो मोडून जाईल," ते पुटपुटले. "तुम्हाला कळत कसं नाही?"

"मोडला तर आमच्या हातून मोडेल," मावशी म्हणाली.

तिने सातही शिंपले त्या कागदात ठेवले, घट्ट पुडी बांधली आणि आपली चावी टेबलावर टाकली.

"भाला या कपाटात परत जायचा नाही. बार्नी, पोलिसांना फोन लाव. आणि चहा तूच टाक. मी हे शिंपले टेकडीवर, त्यांच्या घरी पोचवून येते."