दुसऱ्याचा 'मी'

आत्याच्या चष्म्याची दांडी तुटली होती, ती बसवून आणायला मी निघाले होते. दुपारची वेळ, रस्ता निवांत. चष्म्याच्या दुकानाची पायरी चढणार, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून पोलिस ठाण्यातला कुणीतरी बोलत होता.

"मुक्यांची भाषा येणाऱ्या बाई तुम्हीच ना?"

"मुके नाहीत ते. चांगलं बोलतात. तुम्हाला कळत नाही, एवढंच," मी म्हणाले.

हे वाक्य मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. माझे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. हातांची भाषा मी त्यांच्या मांडीवर शिकले आणि तोंडाची आत्याकडून, कारण घरात ऐकू येणारं मोठं माणूस ती एकटीच. आता बहिऱ्या माणसाचं कोर्टात, दवाखान्यात, बँकेत कुठेही अडलं की मला बोलावणं येतं. बढाई वाटली तर वाटो, पण माझ्या तोडीची दुभाषी या शहरात दुसरी नाही. समोरच्याचा एक शब्द मी कधी गाळला नाही की पदरचा घातला नाही.

आमच्या कामाची एक रीत आहे. समोरचा हातांनी जे सांगेल ते 'मी' म्हणूनच बोलायचं. 'तिचं पोट दुखतंय म्हणते' असं नाही, 'माझं पोट दुखतंय.' एकदा एका बाळंतिणीजवळ उभं राहून 'मला कळा येताहेत' असं मी इतक्या जीव तोडून ओरडले, की नर्सने खाटेवर आडवं करायला मलाच धरलं. आत्या अजून ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

फोनवरच्या माणसाने पत्ता सांगितला आणि चढता पाय मी खाली घेतला. त्या घराशिवाय शहरात दुसरा विषयच नव्हता. दातांचे डॉक्टर, त्यांची बायको आणि डॉक्टरांची म्हातारी आई, तिघंही एकाच रात्री गेले. उशा तोंडावर दाबून कुणीतरी मारलं होतं. चोरी नाही, भांडण नाही, कुणाशी वाकडं नाही. दारं-खिडक्या आतून बंद. आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे तिघांपैकी कुणीही उशी दूर ढकलायची धडपड केली नव्हती. तिघांचेही हात स्वतःच्या कानांवर घट्ट दाबलेले होते. इतक्या भल्या माणसांना कोण मारील, का मारील, हे लोक एकमेकांना विचारत, आणि उत्तर नाही सापडलं की घरी जाऊन कड्या पुन्हा तपासत. मीही तपासत होते.

घरात जिवंत सापडली ती फक्त घरकाम करणारी मावशी. ती बहिरी होती.

डॉक्टरांचा दवाखाना खाली आणि राहायच्या खोल्या वर. मध्ये लाकडी जिना, खाली-वर जमीनही लाकडी फळ्यांची. आत पाऊल टाकताच लवंगेच्या तेलाचा वास आला, दातांच्या दवाखान्यात येतो तसा. त्याच्यावर कुणीतरी भरपूर फिनेल मारलं होतं. एरवी मला तो वास आवडतो. त्या दिवशी मी नाकावर रुमाल धरला.

तपास करणारे साहेब कितीतरी दिवस झोपले नसावेत. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

"बसा बाई," ते म्हणाले. "दार आतून बंद, घरात जिवंत माणूस एकच. वरिष्ठ म्हणतात, आजच तिला आत टाक. टाकतोही. पण का मारलं असेल, ते माझ्या डोक्यात काही केल्या शिरत नाही. तेवढं विचारा. जबाब हा हवालदार लिहून घेईल."

खुर्ची दिली होती तरी मावशी जमिनीवर बसली होती, अनवाणी, दोन्ही तळवे फळ्यांवर टेकून. मी समोर बसून हातांनी बोलायला लागले तशी तिचा चेहराच बदलला. इतक्या दिवसांत तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं. तिचे हात भराभर चालू लागले. सुंदर हात होते, स्वच्छ बोलणारे. मला माझ्या आईचा आणि तिच्यासारख्या सगळ्यांचा अभिमान वाटला.

"मी स्वयंपाकघराशेजारी झोपते," मी तिच्या वतीने बोलत गेले. "कुणी चाललं की फळ्यांतून मला कळतं. डॉक्टर टाच आपटून चालायचे. बाई भरभर. आजी काठी टेकत. त्या रात्री आणखी कुणाची तरी पावलं होती."

"कुणाची?" साहेब पुढे सरकले.

"ओळखीचीच. मी कामाला लागले तेव्हापासून ती वर चालतात. मला वाटायचं, घरातलंच कुणी असेल."

हवालदाराचं पेन थांबलं. मावशीने मान वर करून छताकडे पाहिलं आणि हात हलवले.

"आत्ताही चालताहेत," मी म्हणाले.

आम्ही तिघंही ऐकणारे. तिघांनीही कान टवकारले. वर काहीच नव्हतं. बाहेरच्या रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटी ऐकू आली, आणि पुन्हा सगळं चिडीचूप. मी हळूच हात जमिनीला टेकला... धप. मग बऱ्याच वेळाने, धप. कान म्हणत होते काही नाही आणि तळवा म्हणत होता आहे. साहेबांनी माझा चेहरा पाहिला. गुडघ्यांवर बसून त्यांनीही हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

पावलं जिन्यावर आली. एकही पायरी करकरली नाही. फक्त फळ्यांतून कळत होतं, कुणीतरी सावकाश खाली उतरत होतं. जिन्याच्या तळाशी ते थांबलं.

"विचारा..." साहेब जिन्याकडे बोट दाखवत म्हणाले. "कोण आहे, विचारा तिला."

मी विचारलं. मावशी जिन्याच्या तळाकडे पाहत राहिली. समोरच्याच्या हातांवर नजर ठेवावी तशी. मग तिचे खांदे तिकडे वळले आणि हात उठले. माझ्या जिभेने तिचं काम केलं.

"मी आतच होतो. हे लोक राहायला आले त्याच्या आधीपासून. उशा मीच दाबल्या."

साहेब ताडकन उभे राहिले. "लिही! कबूल झाली ती!"

"थांबा," मी ओरडले. "ती नाही झाली! आमच्या भाषेत दुसऱ्याचं बोलणं सांगताना खांदे वळवतात. खांदा वळला की तो दुसऱ्याचा 'मी' असतो. हे तिचं बोलणं नाही."

"कोर्टाला खांदा दाखवू?"

"दाखवा. मी येते साक्षीला. एका निरपराध बाईला माझ्या तोंडाने फासावर चढवणार असाल, तर आधी माझ्याशी गाठ आहे."

साहेब कपाळ चोळत राहिले. तेवढ्यात हवालदार कागदाकडे बघत चाचरत म्हणाला, "साहेब... बाई 'होतो' म्हणाल्या. मावशीचं बोलणं असतं तर 'होते' म्हणाल्या असत्या ना?"

हातांच्या भाषेत होतो आणि होते असं वेगळं नसतं, खूण एकच. बाई की पुरुष, ते मी समोर बघून ठरवते. त्यात आजवर माझी चूक झाली नव्हती.

"तुम्ही कुणाकडे बघून ठरवलंत?" साहेबांनी विचारलं.

मी मावशीकडेच बघत होते.

साहेबांनी हवालदाराच्या हातून पेन घेतलं आणि कबुलीचं वाक्य स्वतः खोडलं. मग जिन्याच्या तळाकडे तोंड करून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "का मारलंस त्यांना?" मी ते हातांनी मावशीला सांगितलं. तिचे हात जड झाल्यासारखे उठले.

"त्यांना माझं बोलणं ऐकू यायला लागलं होतं."

"आणि मावशी?"

"हिला ऐकू येत नाही."

मग मावशीच्या खांद्यांनी आणखी एकदा वळण घेतलं आणि तिने एकच खूण केली. मी एकच शब्द बोलले.

"येतो."

साहेबांनी श्वास सोडला. हवालदाराने घाम पुसला. "गेला म्हणायचं," तो पुटपुटला. निघणारा माणूस येतो म्हणूनच निघतो, त्याचं काही चुकलं नव्हतं. पण हातांत निरोपाची खूण वेगळी आणि येण्याची वेगळी. ही येण्याची होती. येण्याच्या खुणेला दिशा असते, कुठून आणि कुणाकडे ते हातच दाखवतो. मावशीचा हात जिन्यापासून निघाला होता आणि माझ्यापाशी थांबला होता. मी शब्द बरोबर सांगितला होता. दिशा मला कुणी विचारली नाही.

कबुली नाही, पुरावा नाही, असं वरिष्ठांना कळवून साहेबांनी मावशीला त्याच संध्याकाळी सोडलं. बहिऱ्या बायकांच्या वसतिगृहात मी तिला स्वतः पोहोचवलं. दारात तिने माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. ते खून का झाले, याची नोंद कुठल्याच जबाबात नाही आणि होणारही नाही. पण एक जीव त्या दिवशी माझ्या जिभेने वाचवला. त्याचा मला अभिमान वाटला, आजही वाटतो. आईवडील असते तर त्यांना वाटला असता त्याहून कमी नाही.

घराकडे मी ताठ मानेने चालत आले. दार उघडलं, चपला काढल्या आणि रोजच्यासारखी आत हाक दिली.

"आलो!"

स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला.

"कोण गं आलंय बरोबर? चहा किती जणांचा टाकू?"