क शून्य असताना

चंद्राच्या पोटातल्या लाव्हानळीत हवेची एकच भरलेली टाकी उरली होती आणि माणसं दोन. पुरवठायान पोचायच्या आत एकजण मरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

समोर ते प्रतियंत्र, ठेवलेल्या वस्तूच्या प्रती काढणारं. कुणी, कधी बांधलं, देव जाणे. खळग्यात वस्तू ठेवायची. झाकण आपोआप मिटायचं, उघडायचं.

"बिघडलंय ते," मोहीमप्रमुख बेडेकर गुरकावले. "एक दगड ठेवला, तीन नग आले. म्हणजे तिप्पट. दोन ठेवल्यावर सहा हवेत. आले पाच! असल्या भंगारात शेवटची टाकी घालू?"

"सर, तीन नग कशाचे?" गणिती शाहिदा मुल्लाने विचारलं.

"तीन म्हणजे तीन!"

शाळेची खोड. बेरीज करून मोकळं व्हायचं. कशाची, ते विचारायचं नाही. छड्या खाऊन पाठ केलेलं बीजगणित चंद्रावरही छड्यांसकटच येतं.

"दोन दगड आणि एक पांढरी गोळी."

"ती पायाखालची खडी. आत पडली असेल."

"दोन्ही वेळा एकच? दुसऱ्यांदा चार दगड आले, गोळी एकच. ठेवलेल्या वस्तू किती, तो चल. त्याला क म्हणा. दोन क अधिक एक. तुम्ही तीन क करून टाकलंत, सर. सातवीतल्या पोरासारखं."

"बरं, पण क ची किंमत किती?"

"ठरलेलीच नाही! आपण ठेवू तेवढी. ती जागा आपल्यासाठी सोडलीय. सोडा टाकी."

बेडेकरांची मूठ सुटेना. "चुकलीस तर?"

"तर मला झापायला तुम्हीही नसाल."

झाकण मिटलं. उघडलं. दोन टाक्या. दोन्हींचे काटे भरलेले. शेजारी एक पांढरी गोळी.

बेडेकर दोन्ही टाक्या बाहेर काढून, कवटाळून रडले. तेवढ्यात रिकाम्या खळग्याचं झाकण पुन्हा मिटलं.

"आता काय? आत काही नाही."

"शून्य आहे," शाहिदा पुटपुटली. "शून्याची दुप्पट शून्य. अधिक एक."

झाकण उघडलं. एकटी पांढरी गोळी घरंगळत खाली आली आणि खडीत मिसळली.

महिनाभर ते ही खडी तुडवत होते. शाहिदाने दिवा उंच धरला. उजेड पोचेल तिथवर पांढरंच पांढरं, आणि एकही गोळी दुसरीहून लहानमोठी नव्हती.

बेडेकरांनी दचकून पाय उचलला. ठेवायला कुठेच जागा नव्हती.