एकाच तारेवरची दोन बटणं

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, यांच्या बाबतीत हे घडलंय. त्यांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात, मागच्या खोलीत... आणि तेही मध्यरात्री वगैरे नाही. तिन्हीसांजेला.

दाजींचा जिवाभावाचा दोस्त होता सुतार. सगळे त्याला रंध्या म्हणत. तो दाजींना, त्यांच्या सोल्डरच्या कथलावरून, कथल्या म्हणायचा. पन्नाशी उलटल्यावर दोघांच्या डोक्यात खूळ शिरलं, की लहानपणी नाणं टाकून खेळायचो तसलं गेमचं कपाट आपणच दुकानाच्या मागच्या खोलीत करायचं.

रंध्याने प्लायवूडचं कपाट ठोकलं. दाजींनी दोन स्वस्तातले गेमपॅड आणून फोडले आणि आतल्या हिरव्या पट्ट्या काढल्या. बटणांखालचा काळा थर ब्लेडने खरवडला, तांबं उघडं केलं, त्यावर तारा सोल्डर करून कपाटाच्या मोठ्या बटणांना आणि विमान हलवायच्या दांड्यांना नेल्या. गेमपॅडची यूएसबीची शेपटी जुन्या कॉम्प्युटरात खोचली. झालं काम.

रंध्यालाही सोल्डरची हौस. पण हात पडला सुताराचा.

"अरे, हा थेंब आहे की शेंगदाणा?" दाजी विचारायचे.

"पक्का बसलाय ना? मग तुझं काय जातंय, कथल्या?"

एक गोष्ट मात्र त्यांनी जगावेगळी केली. 'स्टार्ट'ची बटणं दोन. एक दाजींच्या बाजूला, एक रंध्याच्या. दोन्ही एकाच तारेवर ओवलेली. दोघांनी एकदम दाबली, तरच खेळ सुरू. कपाट इतकं रुंद, की एकट्याचे हात पुरायचे नाहीत.

"माझ्यामागे दुसऱ्या कुणाबरोबर खेळलास, तर याद राख," असं रंध्याच म्हणाला होता.

रंध्याच.

पुढे तो आजारी पडला, आणि गेला. दाजींनी कपाटाला हात लावणं सोडलं.

एका संध्याकाळी ते दुकानात पंखा खोलून बसले होते. मागच्या खोलीतून आवाज आला...

टक्. टक्.

जरा थांबून... टक्.

दाजींच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. खेळात गोळ्या मारायची ही तऱ्हा एकाच माणसाची. दोन घाईत, तिसरी दम खाऊन.

ते आत गेले. कपाट बंद. खोलीत कुणी नाही. पण रंध्याच्या बाजूची दांडी...

अजून डुलत होती.

तुम्ही-आम्ही पळालो असतो. दाजींना आनंद झाला.

त्यांनी कपाट चालू केलं, स्टुलावर बसले, आपलं स्टार्ट दाबून धरलं. "ये रे," म्हणाले. "मी आहे."

काही नाही.

मग रोज तेच. कपाट ते चालूच ठेवायचे आणि अंगठा भरून येईपर्यंत बसायचे.

"माझ्यासाठी कधी एवढे ताटकळला नाहीत," ताई म्हणायची.

दाजी दुकानात असले, की आत टक् टक्. आत गेले, की चिडीचूप.

"मी असलो की तो येत नाही गं," एकदा ते ताईला म्हणाले.

मग तो शनिवार. दाजी चहा घेऊन परतले, तर आतून खेळ सुरू झाल्याची धून ऐकू आली.

दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय ती वाजत नाही.

दाजी दाराआड थांबले. उजवीकडून रंध्याचे ठोके. टक् टक्... टक्. आणि डावीकडून, त्यांच्या स्वतःच्या बाजूने... वेगळेच. हलके. भरभर. दम न खाता.

मग कुणीतरी हसलं. नाकातल्या नाकात. हरला, की रंध्या तसाच हसायचा.

दाजींनी दार ढकललं.

कुणी नाही. स्क्रीनवर दोन विमानं जागच्या जागी मार खात होती. दोन्ही स्टुलं पुढे ओढलेली. दाजींचं तर अगदी कपाटाला खेटून... हात आखूड असलेल्या कुणीतरी ओढावं तसं.

"माझ्या जागी कोण बसलं होतं रे?"



भीती तेव्हाही वाटली नाही, असं दाजी सांगतात. संताप आला. त्यांनी मागची फळी उघडली, आपल्या स्टार्टची तार कापली आणि कापलेला तुकडा खिशात घातला.

"आता खेळा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी...

तीच धून.

दाजी उठले नाहीत. आतला खेळ संपेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. मग आत जाऊन फळी काढली, टॉर्च मारला.

कापल्या जागी नवी तार जोडलेली होती. दोन्ही टोकांना सोल्डर.

शेंगदाण्याएवढं.

दाजींनी तार ओढून पाहिली. पक्की बसली होती.

परवा मी त्यांच्या दुकानात गेलो होतो. मागच्या खोलीला कडी होती. कपाटाची वीजही केव्हाच तोडलीय म्हणाले.

"मग मोडून का टाकत नाही, दाजी?"

"रंध्याच्या हातचं आहे ते." ते हातातला चालू रेडिओ पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "मेव्हणे, तो दुसरा कोण असेल हो?"



तेवढ्यात कडीपलीकडून आवाज आला.

टक्. टक्.

मी श्वास रोखून तिसऱ्याची वाट पाहत होतो.

दाजींनी रेडिओ मोठा केला.