माझा म्हण, मोठ्यानं म्हण

पहिल्याच दिवशी मी त्या माणसाला नखशिखांत पांढरा केला.

झालं असं, की शिबिराची पहिली सकाळ होती. मैदानावर वारं सुटलेलं. मी गोलमधून बॉल लाथाडला. मारायचा होता उंच, गेला तिरका, थेट बाजूच्या रेषेकडं. तिथं एक जण पाठमोरा वाकून फक्की टाकत होता. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी हो, मैदानाच्या रेषा आखतात ती. मी म्हटलं, "अहो, सरका..."

म्हटलं म्हणजे काय, माझं मलाच जेमतेम ऐकू आलं. बॉल गेला तो धप्पकन त्याच्या घमेल्यात. पांढरा ढग उठला. ढग खाली बसला तेव्हा आत एक माणूस उभा. भुवया पांढऱ्या, मिश्या पांढऱ्या, डोळे तेवढे काळे.

मी धावत गेले. "लागलं का हो?"

त्यानं मान फिरवून एक कान पुढं केला. "काय?"

"लागलं का, म्हटलं."

"जरा मोठ्यानं. डावा कान कामातून गेलाय माझा."

"मी... मी सरका म्हटलं होतं."

"कुणाला? बॉलला?"

आणि हसला. दातसुद्धा पांढरे, पण ते फक्कीनं नव्हे. मी बॉल उचलला आणि पळाले. पळताना उगाचच मागं बघितलं. तो अजून भुवया झटकत होता... आणि माझ्याकडंच बघत होता.

आता माझा आवाज असा का, ते सांगते. आमचं घर म्हणजे एक खोली. बाबा पाण्याच्या पंपावर रात्रपाळीला. दिवसभर ते झोपायचे आणि आम्ही कुजबुजायचो. भांडण कुजबुजत, हसणं कुजबुजत, रडणं तर तोंडावर हात ठेवून. आठवीत शाळा सुटली, पण ती सवय सुटली नाही. शिबिरातल्या पोरींनी दोन दिवसांत माझं नावच पाडलं, कुजबुज.

सात वर्षं देशाचा बायकांचा फुटबॉल संघच नव्हता. नव्या कोचबाईंनी गावोगाव फिरून आम्हा तीसेक पोरींना गोळा केलं होतं. अंगात पुरुषांच्या संघाचे जुने शर्ट, बाह्या कोपराखाली लोंबणाऱ्या. मैदान मिळायचं नऊ वाजेपर्यंत. नऊला पुरुष यायचे आणि आम्ही बॉल काखेत मारून बाहेर. बाई रोज सांगायच्या, "पहिल्या दौऱ्यात हसं झालं ना, तर हा संघ पुन्हा गुंडाळून ठेवतील. मग तुमच्या मुली म्हणतील, आई, तू खेळायचीस ते खोटंच ना?"

यादीत गोलकीपर दोन घ्यायचे होते. आम्ही होतो तिघी.

बॉल अडवण्यात मी कुणाला ऐकायचे नाही. पण गोलकीपर पुढं निघाली की तिनं ओरडायचं असतं, "माझा!" म्हणजे बॉल माझा, तुम्ही बाजूला व्हा. मी निघायचे वाऱ्यासारखी आणि ओरडायचे उंदरासारखी. शेवटी व्हायचं तेच झालं. उंच आलेल्या बॉलवर मी उडी मारली, गोलपुढं राखण करणाऱ्या आमच्या बॅकनंही मारली. तिला सगळे भिंत म्हणायचे. माझं डोकं आणि तिचं तोंड! भिंतीची एक वीट पडली, पुढचाच दात.

"म्हटलं होतं मी, माझा म्हणून," मी रडवेली होऊन म्हणाले.

"कुणाला थांगितलंथ? गवताला?" रक्त पुसत भिंत म्हणाली.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, बारा दिवस आहेत. बाराव्या दिवशी निवडीचा सामना. मी मधल्या रेषेवर उभी असणार. तुझा आवाज मला तिथं ऐकू आला पाहिजे, एकदा तरी. नाही आला तर घरी जा. अजून कुणाचे दात मी देणार नाही."

मी गोलच्या मागं जाऊन बसले. पलीकडं फक्कीवाला फाटकं जाळं शिवत होता. मी आहे हे त्याला कळलं, तरी टाके घालत राहिला. मग सुतळी दातांनी तोडत म्हणाला, "मी खडी फोडायच्या यंत्रापाशी तीन वर्षं काम केलं. डावा कान तिथंच राहिला. आता डाव्यानं फक्त गाडीचा हॉर्न ऐकू येतो."

"मग मी काय करू?" मी म्हटलं.

"हॉर्न व्हा."

मला हसू आलं, आणि रडूही.

"उद्या सहाला या," तो म्हणाला. "उजव्या कानात बोट घालून मी पाठमोरा उभा राहतो. तुम्ही ओरडा. डाव्याला ऐकू आलं तर झेंडा वर करतो. बहिऱ्या कानाला पोचलं, तर बाईंना पोचेलच की."

दुसऱ्या दिवशी तो छोट्या चौकटीत उभा राहिला, माझ्यापासून पाच पावलांवर. कॉर्नरचा लाल झेंडा हातात.

"माझा," मी म्हटलं.

झेंडा खाली.

"माझा..."

काही नाही. मानेवर एक तीळ होता त्याच्या, तो तेवढा मला दिसत होता.

"अहो, माझा!"

झेंडा वर. तो वळला. "अहो कशाला मध्ये? बॉलला अहो म्हणतात का?"

मी कानापर्यंत लाल. त्यानं वाकून जिथं उभा होता तिथं चिमूटभर फक्की टाकली. "इथपर्यंत पोचलात. उद्या त्याच्या पुढं."

असं रोज चाललं. एक खूण पेनल्टीच्या ठिपक्यापाशी, एक मोठ्या चौकटीच्या कडेला, एक त्याच्याही पुढं. पांढऱ्या चिमटींची रांग मधल्या रेषेकडं सरकत होती. मी पोटातून ओरडायला शिकले. बॉल नसला तरी हात वर करून ओरडायचे. समोर त्याची पाठ, कानातलं बोट आणि वाऱ्यावर हलणारी कॉलर... एकदा ओरडले आणि झेंडा वर झालाच नाही.

"ऐकू नाही आलं?" मी जवळ जाऊन विचारलं.

"आलं की."

"मग?"

"म्हटलं, अजून एकदा म्हणाल."

त्या दिवशी मी चार सोपे बॉल सोडले. बाईंची पेन्सिल वहीवर चारदा चालली, तीही मोजली मी.

आठव्या दिवशी जेवणाच्या खोलीत भिंत उठून उभी राहिली. दात पडल्यापासून तिला जास्तच बोलायला यायचं. "पोरींनो, आपली कुजबुज थकाळी थहाला मैदानात काय ओरडते ठाऊक आहे का? माझा, माझा, माझा! आणि थमोर बॉल नथतोच! मग कोण गं तुझा?"

बाकं वाजली, ताटं वाजली. मला धरणी दुभंगावी असं झालं.

सकाळी तो झेंडा घेऊन तयार होता. खुणा आता मधल्या रेषेपासून दहा पावलांवर आल्या होत्या. मी घाईघाईनं त्याच्या चांगल्या कानाकडं जाऊन म्हटलं, "उद्यापासून नको. पोरी हसतात."

"का हसतात?"

"त्यांना वाटतं, मी... तुम्हाला म्हणते."

तो झेंड्याची काठी उगाच मातीत रुतवत राहिला. "आणि तुम्ही कुणाला म्हणता?"

आता बघा, नेमकं तिथं माझा आवाज फुटला. आयुष्यात पहिल्यांदा, नको तिथं.

"बॉलला! कुणाला म्हणणार? बॉलला!"

एवढ्या मोठ्यानं, की कावळे उडाले.

"बरं," तो म्हणाला. "बॉलला." घमेलं उचललं आणि गेला.

पुढचे दोन दिवस तो सकाळी आला नाही. रेषा आखलेल्या असायच्या, जाळं शिवलेलं असायचं, माणूस नाही. मी एकटीच गोलमध्ये उभी राहून ओरडायचा प्रयत्न केला. घशातून पुन्हा कुजबुजच निघाली. त्या शेवटच्या खुणेपुढची दहा पावलं हिरवीच राहिली.

बारावा दिवस. पहिल्या हाफमध्ये दुसरी गोलकीपर उभी राहिली. तिचा आवाज म्हणजे भांडी पडल्यासारखा. दुसऱ्या हाफमध्ये मी. आमचा संघ एकानं पुढं. मी दोन बॉल अडवले, एक तर बोटांच्या टोकांनी. पण दोनदा पुढं निघाले आणि दोन्ही वेळा तोंडातून नुसतं वारं. भिंत माझ्यापुढून जपून, एक हात तोंडावर ठेवूनच पळत होती. मधल्या रेषेवर बाई. त्यांनी वही मिटली. मिटलेली बघितली मी.

शेवटचं मिनिट. समोरच्यांना कॉर्नर.

चौकटीत गर्दी झाली. ढकलाढकली, श्वास, घामाचा वास. मी नजर वर केली आणि गर्दीच्या वरून पार लांब, बाईंच्याही पलीकडं, एक पाठ दिसली. उजव्या कानात बोट. डाव्या हातात लाल झेंडा, खाली सोडलेला.

आला होता तो. बोलला नव्हता माझ्याशी, पण आला होता.

बॉल उडाला. वाऱ्यानं तो गोलकडं वळवला. भिंत उडी मारायला गुडघ्यात वाकली, समोरची उंच पोरगीही. माझे पाय निघाले आणि पोटातून, कुजबुजत काढलेल्या सगळ्या दुपारी फाडून, ते बाहेर पडलं...

"माझाऽऽऽ!"

भिंत दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसली. मी हवेत होते. बॉल छातीशी आला तेव्हा आधी काही ऐकूच येईना. मग डोळे उघडले. पार पलीकडं लाल झेंडा वर गेला होता. डोक्यावर, हात ताणून.

बाईंनी वही पुन्हा उघडली.

यादी सामानाच्या खोलीच्या दारावर लागली. मला वाचायला धीर होईना, भिंतीनंच वाचली. "दुथरी गोलकीपर... कुजबुज! अगं, खरं नाव लिहिलंय, पण तूच!" आणि मला एवढ्या जोरात मिठी मारली की बरगड्या वाजल्या.

मी घरी फोन लावला. बाबा झोपेतून उठलेले.

"बाबा, मी संघात आहे!" मी ओरडले.

"हळू गं..." ते सवयीनं म्हणाले. मग म्हणाले, "नको. परत सांग. तसंच, मोठ्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दौऱ्याची बस फाटकाशी लागली. पोरी चढल्या, पिशव्या चढल्या. मी उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसले. तेवढ्यात तो आला, हातात भरलेलं घमेलं, खिशातून झेंडा डोकावणारा. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मधल्या रेषेच्या पलीकडं खूण केलीय," तो म्हणाला. "बघून घ्या."

"बघितली सकाळीच."

"बरं." त्यानं घमेलं या हातातून त्या हातात घेतलं. "नीट ओरडा तिकडं."

"त्या दिवशी मी म्हटलं ना... बॉलला म्हणते म्हणून..."

"ऐकलं ते. दोन्ही कानांनी ऐकलं."

"ते तसं..."

हॉर्न वाजला. खिडकीतून भिंत ओरडली, "येतेथ, का तुझं थामान थोडून जाऊ?"

माझी छाती अशी उडत होती, कॉर्नरलाही उडाली नव्हती. मनात म्हटलं, सांगायचं तर आहे, पण सांगायची हिंमत नाही. मग त्याच्या बहिऱ्या कानात सांगू. म्हणजे सांगून झालंही आणि त्याला कळलंही नाही. इतके दिवस त्याची पाठ बघून बघून डोक्यात पक्कं बसलेलं, की बहिरा कान माझ्या डाव्या हाताला. मी पुढं झुकले, माझ्या डाव्या हाताच्या कानाशी तोंड नेलं आणि बाबा झोपलेले असताना बोलायचो ना, तशी बोलले.

"माझा."

आणि पळाले. बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि एकदम लख्ख झालं. अगं बाई... आज तो पाठमोरा कुठं होता? तोंडासमोर उभा होता! समोर आला की डावं उजवीकडं जातं. मी त्याच्या चांगल्या कानात बोलले होते!

वळले. तो जिथल्या तिथं. घमेलं हातातून सुटलेलं, ढग उठलेला, माणूस पुन्हा नखशिखांत पांढरा. त्या ढगातून हळूच लाल झेंडा वर आला.

बस सुटली. भिंतीनं मला कोपरानं ढोसलं. "काय थांगितलंथ गं कानात?"

"बॉलचं."

"मग तो झेंडा धरून का उभाय?"

मी खिडकी सरकवली. कमरेपर्यंत बाहेर वाकले. त्यानं मला बघितलं. घाईघाईनं पाठ फिरवली, उजव्या कानात बोट घातलं, झेंडा खाली घेतला आणि वाट बघत उभा राहिला.