वुडवर्डची बस

रेनिटाला तो भेटला एका थापेमुळे. डेट्रॉईटमधली हिवाळी दुपार, येणाऱ्या बसचा नंबर बर्फाने झाकलेला; दिसत होतं ते फक्त मार्गाचं नाव.

"चष्मा विसरले... कुठली आहे रे ही?" तिने शेजारच्या मुलाला विचारलं.

"वुडवर्डची." तो हसला. "मंगळवारीही विसरली होतीस. मी मागेच होतो."

तिने ती बस सोडली. एका हॉटडॉगमध्ये दोघं वाटेकरी झाली, आणि कोणालाच न सांगितलेलं ती त्याला सांगून बसली – वाचता येत नाही. रॅप रचते ते सगळं डोक्यात. मग फिटंफाट म्हणून त्याने आपला कोट दाखवला. चर्चच्या दानपेटीतला. नाव डेल्विन. आपणही रॅप करतो, हे मात्र त्या पठ्ठ्याने सांगितलं नाही.

आणि आज, शनिवारी, कपड्यांच्या दुकानातल्या मंचावर, रॅपच्या जुगलबंदीत कोण कोणासमोर येणार हे ठरवायला, दुकानमालक ओटिसने टोपीतून चिठ्ठ्या काढल्या. "रेनिटा! आणि... डेल्विन!"

इथे दयामाया नसते. समोरच्याचं जे ठाऊक असेल ते चव्हाट्यावर मांडायचं, हीच रीत. उद्यापासून वस्तीतली पोरं तिच्यासमोर पाट्या धरतील, 'वाच गं!' म्हणून खिदळतील.

नाणेफेक डेल्विनने जिंकली. "मी नंतर बोलेन."

नंतर बोलणाऱ्याच्या घावाला उत्तर नसतं. म्हणजे हा सांगणार... नक्की सांगणार! भीतीने तिची जीभ तिच्याआधी धावली –

"अंगावर कोट, चालीत तोरा,
देवाच्या दानातला आहे हा, पोरा!
चर्चच्या पेटीत बुडी मारलीस,
मेलेल्या म्हाताऱ्याची बाही घातलीस!"

दुकान दणाणलं. डेल्विनने कोटाचं बटण मुठीत धरलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्याने माईक घेतला. तिच्या बुटांना हसला, किनऱ्या आवाजाला हसला. "आणि अजून एक..." तो थांबला. रेनिटाने डोळे गच्च मिटले.

"...कोट खरंच उबदार आहे."

एवढंच बोलून त्याने माईक ठेवला. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. रेनिटा जिंकली.

तो स्टॉपवर सापडला. तिला धाप लागली होती.

"चुकलं माझं. मी फार घाबरले होते, डेल्विन... पण तू का नाही बोललास?"

"ते तू मंचावर थोडंच सांगितलं होतंस? इथे सांगितलंस. मला."

"बावळट आहेस. हरलास ना!"

"हरलो तर हरलो. तू आवडतेस त्याला काय करू?"

बस आली. आज रेनिटाने चष्म्याचं नाव काढलं नाही. "वाच ना," ती हळूच म्हणाली.

"वुडवर्ड. तुझीच."

ती चढली. मागोमाग तोही चढला.

"अरे, तुझी बस ही नाही!"

"ठाऊक आहे," डेल्विन तिच्या शेजारी बसत म्हणाला. "मला वाचता येतं."

आणि रेनिटा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.