पाच जाणते आणि जर्मनचा पत्रा

या, अशा जवळ सरकून बसा. बुवा कीर्तनाला उभे राहायला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगते. गोष्ट प्रेमाची आहे, आणि गोंधळाचीही. देवाच्या दारात प्रेमाची गोष्ट कशी, म्हणाल... अहो, इथं नाही सांगायची तर कुठं सांगायची?

साल छप्पन्न. श्रावणातली दुपार, घडीत ऊन, घडीत भुरभुर. जुन्नरच्या पेठेत दस्तगीरभाईंचं भांडी सांधायचं दुकान होतं. भाई नमाजाला गेलेले, म्हणून भात्यापाशी त्यांची लेक आबेदा बसली होती. जवळच्या डिंगोरे गावचा शफी पाऊस चुकवत आत शिरला. हातात आईचा तांब्याचा हंडा.

"गळतोय," तो म्हणाला. "पण कुठनं ते सापडंना."

"कोण शोधत व्हतं?"

"मीच."

"मग कसं सापडंल!"

तिनं हंड्याला रॉकेल चोळलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वरून खडूची भुकटी लावली. दोघं हंड्यावर वाकून बघत राहिले. हळूहळू पांढऱ्या भुकटीवर केसासारखी काळी रेघ उमटली.

"ही बघा. डोळ्याला दिसत न्हाई, पर रॉकेल चिरेत मुरतं आन् खडूतनं वर येतं."

शफी हंडा विसरलाच. त्यानं पिशवीतून तळहाताएवढा करडा पत्रा काढला. "याची चीर बघाल?"

"हे तर जर्मन हाय."

"विमानाचं ॲल्युमिनियम आहे."

"या अल्ला! इमान जर्मनचं असतं? आमच्या दुधाच्या पातेल्यावाणी?" आणि ती खळखळून हसली.

मग अडखळत त्यानं सांगितलं. तो सरकारच्या विमान खात्यात धाकटा इंजिनिअर होता. उडून उडून पत्रा शिणतो. त्याला बारीक चीर पडते, आणि ती वेळेत दिसली नाही तर आतली माणसं जिवाला मुकतात. जुने नियम एवढंच विचारायचे, की विमान ओझं किती पेलतं. ते किती वर्षांत थकेल, हे कुणी विचारतच नव्हतं. आता नियम नव्यानं लिहायचे, म्हणून सरकारनं जाणत्यांचे सल्लागार गट नेमले होते. त्यांतल्या एका गटाची कागदपत्रं शफी सांभाळायचा. गट एका प्रश्नावर अडला होता: लहानशा विमानतळावर, जिथं मोठी यंत्रं नाहीत, तिथं चीर शोधायची कशी?

"मंजी तुमचे शहाणे अडले, आन् तुमी आमच्या दारात आला?"

"मी हंडा घेऊन आलो होतो," शफी म्हणाला. "बाकीचं... आपोआप झालं."

गटाच्या कामासाठी त्याला पुण्यात ठेवलं होतं. तेव्हापासून दर रविवारी तो एस.टी.नं जुन्नरला यायचा. रॉकेल किती चोळायचं, खडू किती वेळ ठेवायचा, सगळं विचारायचा. दस्तगीरभाई खूश. आबेदा मात्र पार गोंधळलेली. हा खडूकडं बघतोय, की खडू लावणाऱ्या बोटांकडं?

एकदा तो म्हणाला, "तुमच्या गालाला खडू लागलाय."

"खडूचं काम करती. अत्तर लागंल व्हय?"

त्यानं खिशातून रुमाल काढला. उघडला. पुन्हा घडी केली... आणि खिशात ठेवून दिला.

आठवडाभर आबेदाला दुसरं काही सुचलं नाही. काढला का? आणि काढला तर ठेवला का?

त्यातच मंचरच्या बांगडीवाल्यांकडून तिला स्थळ आलं. मुलगा भला, घर भरलेलं. त्यांना उत्तर हवं होतं. "काय कळवू, पोरी?" आई, नजमुन्निसा, विचारायची आणि आबेदा भाकरी करपवायची. हो म्हणावं, तर रविवार आडवा येई. नाही म्हणावं, तर कुणाच्या भरवशावर?

अशात पोस्टमन भागूनं सरकारी शिक्क्याचं पत्र आणलं आणि वाचूनही दाखवलं: "येत्या रविवारी आमच्या गटाचे पाच ज्येष्ठ सभासद आपल्या घरी येत आहेत. आपल्या कन्येच्या हातचे काम पाहण्याची त्यांची इच्छा आहे. आपला, शफी."

दस्तगीरभाई उठून उभेच राहिले. "नजमा! ऐकलंस का? पाच जाणते येणार!"

"अब्बा, ते कामासाठी येतायत..." आबेदा म्हणाली.

"अगं, रॉकेल चोळलेलं बघायला पाच म्हातारे जुन्नरला कोण धाडतं? रीतच हाय ती. पाच मोठी माणसं येत्यात, पोरीच्या हातचं काम बघत्यात. तुजी आजीबी माजं स्थळ घिऊन गेली तवा तुज्या आईचं शिवणच बघून आली व्हती!"

आणि त्याच दिवशी मंचरला निरोप गेला: माफ करा, पोरीचं दुसरीकडं ठरतंय.

रविवारी दारात जीप थांबली. पाच जण उतरले, मागून फायली सावरत शफी. बघतात तो काय, सतरंजी अंथरलेली, शेवयांची पातेली भरलेली आणि आबेदा हिरवी साडी नेसून, मान खाली घालून बसलेली. चौघा साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मुकाट्यानं शेवया खाल्ल्या. पाचवे धर्माजीराव, मूळचे घोडेगावचे, जन्म रेल्वेच्या कारखान्यात गेलेला. त्यांनी तीनदा मागून घेतल्या.

मग त्यांनी एक पत्रा पुढं केला. आबेदानं रॉकेल चोळलं, पुसलं, खडू लावला. बोटभर रेघ उमटली. एक साहेब मोजायला वाकले.

"थांबा," ती म्हणाली. "पैली दिसती ती निम्मीच असती."

सगळे थांबले. रेघ सरकत सरकत रिव्हेटच्या खिळ्याच्या भोकापर्यंत गेली. साहेब इंग्रजीत भराभर बोलायला लागले.

"रेल्वेच्या चाकांच्या आसाला आम्ही हेच करायचो," धर्माजीराव म्हणाले. "पण पोरी, घाई करून किती चिरा आम्ही निम्म्याच मोजल्या असतील, देव जाणे."

दस्तगीरभाईंनी हात जोडले. "मग, पावणं... मुलगी पसंत समजायची का?"

शफीच्या हातातल्या फायली घसरल्या. आबेदानं त्याचा चेहरा पाहिला, आणि तिला कळून चुकलं: याला काहीच ठाऊक नव्हतं. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मंचरही गेलं होतं आणि आता हेही.

धर्माजीरावांनी साहेबांना इंग्रजीत समजावलं. मग शफीकडं वळले. "आमचा सल्लागार गट आहे, बाबा. आम्ही फक्त सल्ला देतो. ठरवणं आमच्या हातात नसतं. आमचा पाचही जणांचा सल्ला आहे: आत जा."

शफी उंबऱ्याशी उभा राहिला. आबेदा पाठमोरी.

"मी यांना कामासाठीच आणलं," तो म्हणाला. "खोटं नाही बोलत."

"कळलं. जावा आता."

"पण कामासाठी एक रविवार पुरला असता, आबेदा. मी अकरा वेळा आलो."

ती वळली. डोळे भरलेले, पण जीभ शाबूत. "मग त्यो रुमाल आत का ठिवला?"

"हात थरथरत होता... तुला दिसला असता."

"दिसू द्यायचा व्हता की!" ती म्हणाली. "म्या दोन म्हैनं झोपली न्हाई नीट."

"करशील माझ्याशी लग्न?"

आजही गालाला लागलेला खडू तिनं पदराच्या टोकानं स्वतःच पुसला. "अब्बांना विचारा. पर लवकर, त्यांनी सगळ्या आळीला आधीच सांगितलंय."

बाहेर एकच हशा पिकला. म्हणजे सगळे कान देऊन ऐकत होते.

माणसं जीपकडं निघाली, तेव्हा आबेदानं धर्माजीरावांना शेवयांचा डबा दिला आणि विचारलं, "घरी कोण कोण हाय, बाबा? पुरंल न्हवं?"

"मी एकटाच गं," ते हसून म्हणाले. "घोडेगावला होती एक. उद्या विचारू, उद्या विचारू म्हणत राहिलो... आणि तिची वरात माझ्याच दारावरून गेली."

जीप गेली. पुढं नियमांचं पुस्तक झालं, शफी-आबेदाचं लग्न झालं, लेकरं झाली. त्यांची आठवण काढायला त्यांची माणसं आहेत. तुम्ही आज देवापुढं हात जोडाल, तेव्हा धर्माजीरावांची आठवण ठेवा. त्यांचं नाव घेणारं मागं कुणी उरलं नाही.